अक्षांश : शब्दाचा अर्थ आणि उगम

"अक्षांश म्हणजे काय?" या प्रश्नास प्राथमिक शाळेत बहुधा एकच उत्तर मिळते. "पृथ्वीच्या गोलावर काढलेल्या आडव्या रेषांना अक्षांश म्हणतात." उत्तर तोंडपाठ असते, पण बरोबर नसते. आडव्या दिसणाऱ्या त्या रेषा नव्हेत, वर्तुळे होत. त्यांचे नाव अक्षवृत्ते. अक्षांश हे त्या वर्तुळाचे नाव नसून एका कोनाचे माप आहे. शिवाय आडवे आणि उभे हा भेद नकाशा भिंतीवर टांगल्यामुळे उत्पन्न होतो. तोच नकाशा जमिनीवर पसरला की त्यात आडवे-उभे काही उरत नाही.

व्याख्या सुधारून दिली म्हणजे काम झाले असे नाही. मुलाला शब्द मुका वाटतो, हे खरे दुखणे आहे. 'अक्ष' कशाचा, 'अंश' कशाचे, हे कोणी सांगितलेले नसते. वस्तुतः या एका शब्दात सगळा पाठ साठविलेला आहे. तो उकलून दाखविला, तर ज्या गावाचे नाव कोणत्याही नकाशासंग्रहात छापलेले नाही, त्या गावाचे अक्षांश त्या गावातील मुलांना स्वतः काढता येतात.

प्रथम 'अक्ष' पाहावा. बैलगाडीच्या दोन चाकांतून जाणारा आस सर्व मुलांच्या परिचयाचा आहे. 'आस' हा 'अक्ष' याच शब्दाच्या कुळातला. चाक ज्याच्याभोवती फिरते तो अक्ष. लॅटिन भाषेतील 'अॅक्सिस' आणि इंग्रजीतील गाडीच्या आसाचा 'अॅक्सल' हे शब्दही याच प्राचीन कुळातले आहेत. येथे संस्कृत आणि युरोपीय भाषा एकाच घरच्या ठरतात. संस्कृतात 'अक्ष' याचा द्यूतातील फासा असाही अर्थ आहे, पण भूगोलाशी त्याचा संबंध नाही. येथे एक सावधगिरी बाळगावी. अक्षर, अक्षय, अक्षता या शब्दांत 'अक्ष' हा घटकच नाही. त्यांतील 'अ' नकारार्थी आहे: जे क्षरत नाही ते अक्षर, ज्याला क्षय नाही ते अक्षय, जे क्षत म्हणजे भंगलेले नाही ते अक्षत. चौकस मूल हे शब्द एकत्र जोडू पाहील. त्याचे कौतुक करावे आणि भेद समजावून द्यावा.

'अंश' म्हणजे भाग. वर्तुळाचे ३६० समान भाग केले असता त्यांतील एक भाग तो अंश. अपूर्णांकातील अंश-छेदांपैकी अंश हाही मुळात तोच शब्द आहे, परंतु दोन्ही पाठ एकाच आठवड्यात आले तर मुलांचा घोटाळा होतो, याकडे लक्ष असावे.

मग 'अक्षाचे अंश' म्हणजे कशाचे अंश? पृथ्वीचा अक्ष दोन्ही बाजूंस वाढविला तर तो आकाशात दोन बिंदूंकडे रोखलेला दिसेल. त्यांपैकी उत्तरेकडील बिंदूजवळ ध्रुवतारा आहे. आपल्या क्षितिजापासून हा ध्रुवबिंदू जितके अंश वर असेल, तितके त्या स्थळाचे अक्षांश. निराळ्या शब्दांत, पृथ्वीचा अक्ष आपल्या गावाच्या क्षितिजाशी जो कोन करतो, तो अक्षांश. प्राचीन भारतीय ज्योतिषग्रंथांत 'अक्ष' हा शब्द याच अर्थी येतो आणि काटकोनातून तो वजा करून उरणाऱ्या कोनास 'लंब' किंवा 'लंबांश' म्हणतात.

हे शब्दांनी सांगून भागणार नाही. ओल्या मातीचा चेंडूएवढा गोळा करून त्यातून विणकामाची सुई आरपार घालावी. ही सुई म्हणजे अक्ष. नखाएवढा पुठ्ठ्याचा सपाट तुकडा घेऊन तो टाचणीने गोळ्यावर टोचावा, म्हणजे तो तुकडा त्या स्थळाचे क्षितिज होईल. गोळ्याच्या बरोबर मध्यावर, दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर तुकडा टोचला तर तो सुईस समांतर राहतो. दोहोंतील कोन शून्य. तुकडा उत्तरेकडे सरकवीत न्यावा, तसतसा कोन वाढत जातो. सुई जेथे बाहेर पडते तेथे तुकडा सुईशी काटकोनात येतो. कोन ९० अंश. ० पासून ९० पर्यंतचा हा प्रवास मुलाने एकदा हाताने केला की 'उत्तर ध्रुव ९० अंशांवर का?' हा प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही.

भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणि' या ग्रंथातील गोलाध्यायात हीच गोष्ट सांगितली आहे. हा ग्रंथ इ. स. ११५० मधला. भास्कराचार्य सह्याद्रीच्या परिसरातले. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. विषुववृत्तावरील प्रदेशास ते 'निरक्ष देश' म्हणतात. या नावाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे अक्ष नाही असे नव्हे, तर अक्षाची उंची नाही; दोन्ही ध्रुव क्षितिजावरच टेकलेले दिसतात. तेथून मनुष्य जसजसा उत्तरेस जाईल तसतसा उत्तर ध्रुव वर चढत जातो, असे ते सांगतात. निरक्ष देशापासून उज्जयिनीचे अंतर पृथ्वीच्या परिघाच्या एक षोडशांश आहे, असेही त्यांनी म्हटले आहे. ३६० चा सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. उज्जयिनीचे अक्षांश आजच्या मापनाप्रमाणे सुमारे २३ अंश ११ कला आहेत. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या स्थूल अपूर्णांकात पाऊण अंशाहून कमी फरक निघावा, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. तिची अतिशयोक्ती मात्र करू नये. ग्रंथकाराने तेथे सोयीचा अपूर्णांक घेतला आहे, हेही सांगावे.

आता इंग्रजी शब्दाकडे वळू. 'लॅटिट्यूड' याचा आकाशाशी मुळात काही संबंध नाही. लॅटिन भाषेत 'लातुस' म्हणजे रुंद आणि 'लातितूदो' म्हणजे रुंदी. 'लाँजिट्यूड' हा तसाच 'लाँगुस' म्हणजे लांब यापासून झाला. लॅटिन शब्दांच्या आधी ग्रीक भाषेत 'प्लातोस' म्हणजे रुंदी आणि 'मेकोस' म्हणजे लांबी असे शब्द याच अर्थी वापरात होते. इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथील टॉलेमीने आपल्या भूगोलग्रंथात हजारो स्थळांची 'लांबी' आणि 'रुंदी' अंशांत नोंदविली.

परंतु गोलाकार पृथ्वीस लांबी-रुंदी कोठली? चेंडूची लांबी कोणी विचारीत नाही. याचे उत्तर असे की, हे शब्द संपूर्ण पृथ्वीसाठी योजिलेले नव्हते. ग्रीकांना ठाऊक असलेली वस्ती भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांनी पूर्व-पश्चिम पसरलेली होती. टॉलेमीच्या हिशेबी ती पूर्व-पश्चिम १८० अंश आणि दक्षिणोत्तर सुमारे ८० अंश भरते. पटकुराची जी बाजू मोठी ती लांबी आणि जी लहान ती रुंदी, या नित्याच्या न्यायाने पूर्व-पश्चिम अंतर लांबी झाले व दक्षिणोत्तर अंतर रुंदी. पुढे महासागर ओलांडले गेले, नवे खंड सापडले, ज्ञात जगाचा तो आयत मोडून गेला; शब्द मात्र राहिले.

अरबी विद्वानांनी ग्रीक ग्रंथ आपल्या भाषेत आणले तेव्हा हीच कल्पना त्यांनी घेतली. अरबीत 'अर्ज़' म्हणजे रुंदी आणि 'तूल' म्हणजे लांबी. उर्दू शाळांत आजही अक्षांशास 'अर्ज़-बलद' आणि रेखांशास 'तूल-बलद' म्हणतात. 'बलद' म्हणजे नगर, तेव्हा शब्दशः अर्थ 'नगराची रुंदी'. मराठीत शिक्षक ज्या रजेसाठी 'अर्ज' करतात, तो अर्जही याच अरबी धातूपासून आला आहे. तेथे अर्थ 'समोर मांडणे' असा आहे.

रुंदीच्या या कल्पनेमुळे मुलांपुढे एक अडचण उभी राहते व ती रास्त आहे. अक्षवृत्ते पूर्व-पश्चिम जातात, मग ती दक्षिणोत्तर रुंदी कशी मोजतात? येथे लुगड्याचे उदाहरण सर्वांत उपयोगी. नऊवारी लुगड्याची लांबी नऊ वार. त्याचा पन्हा वेगळा मोजतात. लुगड्याच्या लांबीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी एखादी रेघ घेतली, तर ती रेघ लांबीच्या दिशेने धावते, परंतु 'ती काठापासून किती बोटांवर आहे' हे विचारले की उत्तर पन्ह्यात येते. अक्षवृत्त ही अशी रेघ, विषुववृत्त हा काठ आणि अक्षांश हे पन्ह्यावरील अंतर. फूटपट्टीवरील रेघाही आडव्या काढलेल्या असतात आणि मोजतात मात्र पट्टीची लांबी, हेही दाखविता येईल.

एकाच राशीस युरोपात जमिनीच्या आकारावरून नाव मिळाले आणि भारतात आकाशातील अक्षाच्या उंचीवरून, असा हा भेद आहे. परंतु तो फार ताणू नये. ग्रीकांपाशीही कलाची कल्पना होती. त्यांचा 'क्लिमा' हा शब्द कल किंवा उतार या अर्थाचा आहे. सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, यावरून ते भूमीचे आडवे पट्टे पाडीत व प्रत्येक पट्ट्यास 'क्लिमा' म्हणत. त्यापासूनच इंग्रजीत हवामानवाचक 'क्लायमेट' हा शब्द आला, तर अरबी-फारसीत 'इकलीम' म्हणजे भूप्रदेश. हवामानाच्या पाठात अक्षांश प्रथम का शिकवितात, याचे उत्तर या शब्दाच्या जन्मातच आहे.

इंग्रजीत 'लॅटिट्यूड' हा शब्द भूगोलाबाहेरही फार फिरला. चौसर या कवीने १३९१ साली आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी, लुईससाठी, 'अॅस्ट्रोलेब' नावाच्या यंत्रावर सोप्या इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्यात हा शब्द शास्त्रीय अर्थाने आहे. मुलास लॅटिन पुरेसे येत नाही म्हणून त्याच्या भाषेत शास्त्र सांगणारा हा बाप शिक्षकांस आपला वाटेल. पुढे रुंदीवरून ऐसपैसपणा, ऐसपैसपणावरून मोकळीक असा अर्थ विस्तारला. सतराव्या शतकात इंग्लंडमधील जे धर्मोपदेशक कर्मकांडाच्या व मतांच्या बाबतीत आग्रह धरीत नसत, त्यांस याच शब्दावरून 'लॅटिट्यूडिनेरियन' असे नाव पडले. छायाचित्रणात प्रकाश थोडा कमी-अधिक झाला तरी चित्र बिघडत नाही, त्या सवलतीसही लॅटिट्यूड म्हणतात. मराठीत या अर्थी मुभा, मोकळीक, वाव, सूट असे शब्द आहेत. इंग्रजी पत्रकात 'मुख्याध्यापकास लॅटिट्यूड द्यावे' असे असेल, तर कोशात पहिला दिसला म्हणून 'अक्षांश द्यावेत' असे भाषांतर करणे हास्यास्पद होईल. उलट, 'अक्षांश' या मराठी शब्दाला मोकळीक हा अर्थ कधीच चिकटला नाही. तो कोनाशी बांधलेला आहे व तसाच राहिला.

खगोलातही एक जागा जपावी लागते. इंग्रजी पुस्तकांत ग्रहताऱ्यांचेही लॅटिट्यूड दिलेले असते. ते क्रांतिवृत्तापासून मोजतात आणि त्यास मराठीत 'शर' म्हणतात; चंद्राचा शर सुमारे पाच अंशांपर्यंत जातो. तेथे अक्षांश म्हणणे चूक.

रेखांशाविषयी थोडक्यात इतकेच की, त्यातील 'रेखा' ही कोणतीही रेघ नव्हे. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून मेरूपर्यंत जाणाऱ्या रेषेस प्राचीन ज्योतिषी भूमीची मध्यरेखा म्हणत आणि तिच्यापासून पूर्व-पश्चिम अंतर मोजीत. १८८४ सालच्या वॉशिंग्टन येथील परिषदेनंतर ग्रिनिचची रेषा आरंभरेषा म्हणून रूढ झाली. हिंदी पुस्तकांत 'भूमध्य रेखा' म्हणजे विषुववृत्त, हे मात्र सीमाभागातील शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. प्राचीन मध्यरेखा दक्षिणोत्तर होती, ही पूर्व-पश्चिम आहे.

एक अंश म्हणजे जमिनीवर किती अंतर? सुमारे १११ किलोमीटर. हा आकडा पाठ करविण्यापेक्षा त्याची गोष्ट सांगावी. फ्रान्समध्ये मीटर ठरविला तेव्हा विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर असे ठरले. म्हणून ते अंतर जवळजवळ १०,००० किलोमीटर आणि त्यास ९० ने भागिले की १११ येतात. परंतु पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे सर्व अंश सारखे भरत नाहीत. विषुववृत्तापाशी अंश ११०.६ किलोमीटरांचा, ध्रुवापाशी १११.७ चा. हा बारीक फरक मोजण्यासाठी विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून काम आरंभिले. जमिनीवर त्रिकोणांची साखळी नेऊन अंतर काढावयाचे, रात्री तारे वेधून दोन्ही टोकांचे अक्षांश काढावयाचे आणि एकास दुसऱ्याने भागावयाचे, अशी ती पद्धत. वीस वर्षे हे काम करीत तो मध्य हिंदुस्थानापर्यंत आला व १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याचे थडगे तेथेच आहे. ती साखळी पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

इतकी यंत्रे शाळेपाशी नसतात, पण 'अक्ष' या शब्दाबरोबरच भारतीय ज्योतिषाने एक साधन ठेवून दिले आहे. ते म्हणजे बारा अंगुळांचा शंकू. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्ही या शंकूची जी छाया पडते तिला 'पलभा' म्हणतात. पंचांगांत निरनिराळ्या गावांची पलभा अंगुळांत देण्याची प्रथा होती. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. म्हणून मध्यान्ही तो आपल्या डोक्यापासून जितका दक्षिणेस ढळलेला असेल, तितकेच आपले अक्षांश.

शाळेत ६० सेंटिमीटर उंचीची सरळ काठी घ्यावी, म्हणजे एक अंगूळ पाच सेंटिमीटरांचे होईल. मोकळ्या, सपाट जागी ओळंब्याने तपासून ती अगदी उभी रोवावी. घड्याळात बारा वाजले की मध्यान्ह झाली असे समजू नये. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची असल्याने महाराष्ट्रात सूर्य उशिरा माथ्यावर येतो. पुण्यास मार्चमधील विषुवदिनी सुमारे १२ वाजून ४२ मिनिटांनी, सप्टेंबरमध्ये १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास. यास्तव बारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी छायेच्या टोकाशी खूण करावी व सर्वांत आखूड छाया घ्यावी. कोल्हापूरकडे ती सुमारे १८ सेंटिमीटर भरेल, पुण्यास २०, नाशिकला २२ च्या किंचित आत, नागपुरास २३ च्या थोडी वर. मग कागदावर प्रमाणात काटकोन त्रिकोण काढावा: उभी बाजू काठी, आडवी बाजू छाया. काठीच्या माथ्याजवळील कोन कोनमापकाने मोजावा. तेच गावाचे अक्षांश. त्रिकोणमितीची गरज नाही. सातवीच्या मुलास हे सहज जमते.

छायेचे टोक पुसट असते, कारण सूर्यबिंब स्वतःच अर्ध्या अंशाचे आहे. एक सेंटिमीटरची चूक झाली तर अक्षांशात जवळजवळ एक अंशाचा फरक पडतो. अर्ध्या अंशाच्या आत उत्तर आले तर काम उत्तम झाले असे मानावे, आणि तो अर्धा अंश जमिनीवर ५५ किलोमीटर होतो हेही मुलांनाच काढू द्यावे. रात्री ध्रुवतारा पाहून पडताळा घेता येतो. हात ताठ पुढे करून वळलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते. महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या आसपासच सापडतो, दक्षिणेकडील जिल्ह्यांत दोनांहून कमी, विदर्भ-खानदेशाच्या उत्तर भागात दोनांहून किंचित अधिक.

आलेले उत्तर भ्रमणध्वनीवरील आकड्याशी ताडून पाहताना एक चूक हटकून होते. तेथे अक्षांश बहुधा दशांशात असतात. १८.५२ याचा अर्थ १८ अंश ५२ कला असा नाही; .५२ ला ६० ने गुणावे, म्हणजे ३१ कला येतात. शाळेच्या माहितीपत्रकात अक्षांश-रेखांश भरतानाही हे पाहावे, नाहीतर शाळा कागदावर चाळीस किलोमीटर उत्तरेस सरकते.

प्रयोगासाठी मार्च महिना बरा. २० किंवा २१ तारीख नेमावी. सप्टेंबरात २२-२३ ला आभाळाचा भरवसा नसतो. सुटी आल्यास एक दिवस मागे-पुढे चालेल, कारण त्या सुमारास सूर्य दिवसाला सुमारे चार दशांश अंश सरकतो आणि ६० सेंटिमीटरच्या काठीची छाया अर्ध्या सेंटिमीटरहून कमीच बदलते. मेच्या मध्यास पुण्याच्या अक्षवृत्तावर हीच काठी पुन्हा रोवली तर मध्यान्ही तिची छाया मुळीच पडत नाही, आणि जूनमध्ये ती दक्षिणेकडे पडते.